हिरवा कंदील

‘वडिलांनी लग्नाला हिरवा कंदील दाखवला’ असे आपण सहज म्हणून जातो. पण एके काळी विलायतेत हिरव्या कंदिलाचा अर्थ ‘बेताने या’ एवढाच होता! ‘खुशाल या’ म्हणायला पांढरा दिवा असे. मेख अशी, की लाल काच फुटून पडली तर धोक्याचा दिवाही पांढराच दिसायचा.

सिग्नलच्या हाताची खोड याहून वाईट. तो एरवी खालीच, म्हणजे ‘मार्ग मोकळा’. धोका असला तरच आडवा करायचा. २१ जानेवारी १८७६ च्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या ॲबट्स रिप्टनला बर्फ पडत होते. ते खांबाच्या खाचेत गोठले. कोळशाची मालगाडी बाजूला घेताना केबिनमधल्या माणसाने दांडा फिरवला, पण हात हललाच नाही. स्कॉटलंडहून येणाऱ्या एक्स्प्रेसच्या ड्रायव्हरने पांढरा दिवा पाहिला आणि गाडी मालगाडीवर घातली. थोड्याच वेळात लीड्सची एक्स्प्रेस त्या ढिगाऱ्यावर येऊन आदळली. मला त्या ड्रायव्हरची राहून राहून कीव येते. त्याने वाचले ते बरोबरच होते. सिग्नलच खोटे बोलला होता.

पुढे रीत उलटली. हात एरवी आडवा; तार तुटली तरी वजनाच्या भाराने आडवाच व्हायचा. पांढऱ्याची जागाही यथावकाश हिरव्याने घेतली.

आमच्या लहानपणी फलाटावर ‘सिग्नल पडला!’ अशी आरोळी उठली, की ट्रंका, वळकट्या आणि मुले यांची एकच धांदल उडे. हात पडताना सारे पाहत. गाडी गेल्यावर तो पुन्हा आडवा होई, तेव्हा पाहायला फलाटावर कुणी उरलेले नसे.