ब्रेक, जॉब, ले-ऑफ : कारखानपट्ट्यातील इंग्रजी शब्दांची कहाणी

#थ्रेड

समाजमाध्यमावर एकाखाली एक ओवलेल्या नोंदींना ‘थ्रेड’ म्हणतात, हे आता सर्वांच्या परिचयाचे आहे. भोसरीतल्या एखाद्या लहानशा वर्कशॉपमध्ये मात्र ‘थ्रेड गेला’ याचा अर्थ बोल्टचे आटे झिजले असा होतो. शिवणयंत्रावर बसलेल्या बाईंचा थ्रेड म्हणजे दोरा. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात इंग्रजी शिकणे म्हणजे अशा शब्दांशी झटणे. अवघड, लांबलचक शब्द त्या मानाने निरुपद्रवी असतात; घोटाळा करतात ते रोजच्या वापरातले आखूड शब्द.

या घोटाळ्याचे दोन प्रकार आहेत. काही वेळा मुळात एकच शब्द असतो आणि त्याला पुढे फांद्या फुटत जातात. थ्रेड त्यातला. काही वेळा मात्र मुळातच वेगळे असलेले शब्द योगायोगाने एका रूपात येतात. कचेरीतली ‘फाईल’ सूत या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आली, कारण कागद पूर्वी दोऱ्यात ओवून ठेवत. फिटरच्या हातातली ‘फाईल’, म्हणजे कानस, ही जुन्या इंग्रजीतली. तिचा दोऱ्याशी काही संबंध नाही. ‘व्हाइस’ तर तिघांचा मेळावा आहे. जॉब घट्ट धरणारा व्हाइस द्राक्षवेलीच्या पिळावरून आला, दुर्गुण या अर्थाचा दुसऱ्या लॅटिन शब्दावरून, आणि व्हाइस-प्रेसिडेंटमधला ‘च्या जागी’ या अर्थाच्या तिसऱ्यावरून.

मराठी माणसाला या अडचणीचा पहिला मोठा लिखित सामना घडवला तो मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशाने. मोल्सवर्थ यांची प्रकृती ढासळल्यावर थॉमस कँडी यांनी तो पुरा केला. साध्या इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्दांची रांग उभी, असे त्याचे रूप आहे. कोश रांग दाखवतो. रांगेतला कोणता शब्द आपल्या वाक्यात बसेल, हे वाचणाऱ्याने ठरवायचे.

शब्द जितका अधिक वापरात, तितके त्याचे अर्थ अधिक, असे अमेरिकी अभ्यासक झिफ यांनी १९४५ मध्ये आकडेवारीने दाखवले. ऑक्सफर्ड कोशाच्या संपादकांनी ‘रन’ या एका क्रियापदाचे सहाशेहून अधिक अर्थ मोजले आहेत. कारखान्यात ट्रायल रन असते, मैदानात रन काढतात, आणि शाळेत त्याचा अर्थ ‘धावणे’ एवढाच शिकवलेला असतो.

आता ‘कंपनी’ पाहा. मूळ अर्थ एकत्र भाकर खाणारे, म्हणजे सोबती. पुढे सैन्याची तुकडी, पुढे भागीदार व्यापाऱ्यांची मंडळी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्यावर अशाच एका मंडळीचे राज्य आले. लोक तिला ‘कंपनी सरकार’ म्हणू लागले. एका व्यापारी संस्थेच्या नावापुढे ‘सरकार’ लावण्याची वेळ आलेला हा समाज त्यानंतर नाटक कंपनीत रमला आणि प्रभात फिल्म कंपनीचे चित्रपट पाहू लागला. मग पिंपरीत कारखाने उभे राहिले आणि ‘कंपनी’ ही एक इमारत झाली. ‘दादा कंपनीत गेलेत’, ‘कंपनी सुटली’, ‘कंपनीची बस चुकली’. इथला मुलगा इंग्रजीत ‘आय ॲम गोइंग टू कंपनी’ म्हणतो तेव्हा शिक्षक त्याला ‘फॅक्टरी’ म्हणायला लावतात. व्याकरणाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण त्या चुकीत दोनशे वर्षांचा इतिहास भरलेला असतो.

पिंपरीची पहिली ठळक कंपनी म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, लोकांच्या तोंडी ‘एचए’. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने १९५४ मध्ये ती स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. तिथे एक विलक्षण योग जुळून आला. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जिवाणूंची वाढते ती ‘कॉलनी’. कामगार राहतात ती ‘एचए कॉलनी’. आणि देश नुकताच ज्या अवस्थेतून बाहेर पडला होता, तीही ‘कॉलनी’. मराठीने यासाठी ‘वसाहत’ हा शब्द योजला आणि तोही तितक्याच अर्थांचा भार वाहू लागला : वसाहतवाद, औद्योगिक वसाहत, जिवाणूंची वसाहत. ‘कल्चर’चेही तसेच. बुरशी वाढवतात ते कल्चर, आणि गणेशोत्सवात कॉलनीच्या मंडपात होतो तो कल्चरल प्रोग्रॅम.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच दशकात टेल्को आणि बजाज यांचे कारखाने या भागात आले. १९७० मध्ये गावांची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. यंत्रांपुढे उभी राहिलेली पहिली पिढी मावळ, खेड, जुन्नर, मराठवाडा इथल्या मराठी शाळांतून आलेली. जुन्या मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवत, पुढे पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. म्हणजे या माणसांनी पाठ्यपुस्तकातले इंग्रजी थोडे आणि यंत्रावरचे फार शिकले. शाळेत ‘डाय’ म्हणजे मरणे. प्रेस शॉपमध्ये डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा. ‘टॅप’ म्हणजे नळ नव्हे, आटे पाडायचे हत्यार. आणि ‘जॉब’ म्हणजे यंत्रावर चढवलेला लोखंडाचा तुकडा. जॉब लावतात, जॉब काढतात, जॉब रिजेक्ट होतो.

वर्कशॉपमधला हा अर्थच जुना आहे. इंग्रजीत ‘जॉब’ प्रथम कामाच्या सुट्या तुकड्यासाठी वापरला गेला. कायमची नोकरी हा अर्थ फार उशिरा आला. भोसरीतले ‘जॉबवर्क’ सोळाव्या शतकातल्या इंग्रजीशी नाते सांगते. सुशिक्षित माणूस हसतो तो वर्कशॉपच्या इंग्रजीला, आणि वर्कशॉप असते मूळ अर्थाला धरून!

यंत्राकडून हे शब्द कचेरीकडे वळले की त्यांचा सूर बदलतो. ‘चार्ज’ म्हणजे मुळात गाडीवर भार लादणे. भट्टीत कच्चा माल टाकतात तो चार्ज, बॅटरीत भरतात तो चार्ज, साहेब बदलला की नवा साहेब घेतो तो चार्ज, आणि कामगाराच्या हाती येते ती चार्जशीट. सगळीकडे कोणावर तरी काही लादलेले असते. मराठीतला ‘आरोप’ही मुळात ‘वर चढवणे’ असाच आहे. ‘सस्पेन्शन’ची गोष्ट आणखी नेमकी. दिवसभर गाड्यांचे सस्पेन्शन बसवणारा कामगार संध्याकाळी स्वतः सस्पेंड होऊ शकतो. मूळ अर्थ टांगणे. आपल्या ‘निलंबना’तही लोंबणेच आहे. टांगलेल्या माणसाला निर्वाह भत्ता मिळतो. पहिले ९० दिवस वेतनाच्या निम्मा.

‘डिस्चार्ज’ हा तर एकाच घरात दोन वेगळ्या चेहऱ्यांनी येतो. वायसीएम रुग्णालयातून आईला डिस्चार्ज मिळाला की पेढे. कंपनीतून मुलाला डिस्चार्ज मिळाला की घर गप्प होते. त्यातही कायद्याने ‘डिसमिस’ आणि ‘डिस्चार्ज’ यांत अंतर ठेवले आहे. पहिली शिक्षा, दुसरी कलंक न लावता केलेली सेवामुक्ती. पत्र हाती पडलेल्या माणसाला दोन्हींचा परिणाम एकच दिसतो. पुढे दुसरीकडे काम मागायला गेल्यावर तो फरक कळतो.

या सर्व शब्दांत ‘ब्रेक’ने सर्वांत अधिक माणसे हलवली. इंग्रजीत थांबवणारा ब्रेक आणि मोडणारा ब्रेक वेगळ्या अक्षरांनी लिहितात. देवनागरीत दोन्ही एकच. नटाला ‘पहिला ब्रेक मिळाला’ म्हणजे त्याचे नशीब उघडले. चाकणच्या कंत्राटी कामगाराला ‘ब्रेक मिळाला’ म्हणजे उद्यापासून त्याने यायचे नाही. गाड्यांचे ब्रेक तयार करणाऱ्या हातांनाच ब्रेक मिळतो, ही या पट्ट्यातली रोजची गोष्ट आहे.

या ब्रेकमागे एक आकडा आहे : २४०. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यात १९५३ साली जोडलेल्या प्रकरणानुसार बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगाराची सेवा सलग वर्षाची मानली गेली. त्याला कमी करायचे तर महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाची भरपाई. राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत २४० दिवस भरलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. म्हणून सात महिने काम, मग ब्रेक, मग नवे पत्र. तारखा जुळवून दिलेली ही सुट्टी कामगाराने मागितलेली नसते. कायम होण्याचा हक्क हिरावण्यासाठी माणसांना वर्षानुवर्षे बदली वा तात्पुरते ठेवणे, याला १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवले. १९८४ च्या केंद्रीय दुरुस्तीने उलट बाजूची एक खिडकी उघडली : कराराची मुदत संपून सेवा थांबली तर ती कपात नव्हे. या खिडकीची कडी इंग्रजी नियुक्तिपत्रातल्या ‘टर्म’ या चार अक्षरी शब्दात आहे. शाळेत टर्म म्हणजे सहामाही, त्यानंतर दिवाळीची सुट्टी. पत्रातली टर्म संपल्यावर येणारी सुट्टी वेगळी. शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून विचारावासा वाटत नाही. अनोळखी शब्द असता तर त्या मुलाने कोणाला तरी विचारले असते.

उलट प्रवासही झाला आहे. ‘बदली’ हा आपला शब्द. मुंबईच्या गिरण्यांत गैरहजर कामगाराच्या जागी येणारा तो बदली कामगार. हा शब्द जसाच्या तसा औद्योगिक विवाद कायद्याच्या इंग्रजी मजकुरात गेला आणि तिथे त्याची रीतसर व्याख्याही आहे. सरकारी नोकराची बदली म्हणजे बिऱ्हाड हलवणे, गिरणीतली बदली म्हणजे दररोज दाराशी वाट पाहणे. इंग्रज न्यायाधीश असता तर त्यालाही कोश उघडावा लागला असता.

आणि आता ‘ले-ऑफ’. पिंपरीतल्या जुन्या कामगाराला हा शब्द कायद्यातून माहीत आहे. कच्चा माल नाही, वीज नाही, यंत्र बिघडले, म्हणून काम देता येत नाही. पण नाव हजेरीपटावर राहते, पात्र कामगाराला निम्मे वेतन मिळते, माल आला की बोलावणे येते. ले-ऑफ तात्पुरता आणि कपात कायमची, असा हा स्पष्ट भेद. चार-सहा मैलांवर हिंजवडीत मात्र अमेरिकी वापरातला ले-ऑफ आला आहे. तिथे त्याचा अर्थ नोकरी गेली. मुलगी घरी येऊन ‘ले-ऑफ झाला’ म्हणते आणि निवृत्त वडील विचारतात, ‘किती दिवसांचा?’ दोघांच्या शब्दामध्ये एक समुद्र आहे, आणि तो प्रश्न अडाण्याचा नाही. वडिलांना कायदा ठाऊक असतो.

जपानी शब्दांनी त्या मानाने फारसा त्रास दिला नाही. काइझेन, कानबान, पोका-योके हे फलकावर आले ते एकेकच अर्थ घेऊन. चाकणच्या नव्या कारखान्यांतली विशीतली मुले ते दोन दिवसांत शिकतात आणि ‘सेट’, ‘रन’, ‘टर्म’पाशी वर्षभर अडखळतात.

चाकण म्हटले की इतिहासाच्या वाचकाला १६६० चा संग्रामदुर्गाचा वेढा आठवतो. फिरंगोजी नरसाळा यांनी शाइस्तेखानाला जवळजवळ दोन महिने रोखले आणि अखेर मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडवला. इंग्रजी ग्रंथांत त्या सुरुंगाला ‘माइन’ म्हटलेले असते. खाणही माइन, ‘माझे’ही माइन. नवखा वाचक ‘चाकणला खाण होती’ असे टिपून घेऊ शकतो.

आज त्याच चाकणमध्ये बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेली मुले मराठी शिकत आहेत, आणि त्यांच्यापुढे आपले ‘लागणे’ उभे आहे. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, निकाल लागतो, लग्न लागते, घाटात बस लागते, दिवे लागतात, पैसे लागतात. कंपनीच्या गेटबाहेर उभा असलेला तो मुलगा गावी फोन करून आनंदाने सांगतो की त्याला नोकरी ‘लगी’ आहे. हा एक अर्थ तरी त्याला त्याच्या भाषेतून आयता मिळालेला असतो.