काटा हलला नाही तरी

रक्तातली साखर थोडी वाढली आहे, आता राहणी बदला, असे डॉक्टरांनी सांगितले की बहुतेक घरांत पहिली गोष्ट होते ती वजन करण्याची. चहातली साखर कमी होते, संध्याकाळचे फरसाण बंद होते, रात्रीच्या जेवणानंतर थोडे चालणे सुरू होते. महिन्याभराने काट्यावर उभे राहावे तर आकडा जवळजवळ तिथेच. मग ‘एवढं करून काय मिळालं?’ असा प्रश्न येतो आणि पुढच्या पंधरवड्यात सगळे पूर्वपदावर येते. लहान बदल टिकत नाहीत याचा दोष आपण जिभेला, आळसाला, निश्चयाच्या अभावाला देतो. मधुमेह टाळण्याच्या कामाशी संबंधित डॉक्टर म्हणून मला हे निदान पटत नाही. हे बदल बऱ्याचदा आपले काम नीट करत असतात. आपण त्यांना चुकीच्या मापाने मोजतो आणि नापास करतो. वजनकाटा स्वस्त आहे, हाताशी आहे, लगेच उत्तर देतो, म्हणून तो आरोग्याचा न्यायाधीश होऊन बसला आहे. भारतीय शरीराच्या बाबतीत हा न्यायाधीश फारसा भरवशाचा नाही.

याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्याच देशातला आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रम या नावाने केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. साखर वाढलेली, पण मधुमेह झालेला नाही, अशा ५३१ जणांचे चार गट करण्यात आले. एका गटाला नेहमीचा सर्वसाधारण सल्ला, दुसऱ्याला आहार-व्यायामाचे नेमके मार्गदर्शन, तिसऱ्याला मेटफॉर्मिनची गोळी आणि चौथ्याला दोन्ही. मार्गदर्शनात अघोरी काही नव्हते: रोज अर्धा तास भरभर चालणे, साखर आणि मैद्यासारखे पदार्थ टाळणे, तेल-तूप कमी, तंतुमय पदार्थ जास्त. ज्यांचे काम मुळातच अंगमेहनतीचे होते त्यांना तर आहे तेच चालू ठेवा, एवढेच सांगितले होते. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, राहणी बदललेल्या गटात ३९.३ टक्के लोकांना. गोळी घेणाऱ्यांचे प्रमाण ४०.५ टक्के होते, म्हणजे राहणीतला बदल गोळीच्या तोडीस तोड ठरला. दोन्ही एकत्र दिल्याने वेगळा फायदा दिसला नाही. आणि माझ्या मते या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची नोंद ही, की ज्या गटाचा मधुमेहाचा धोका असा घटला, त्याचे सरासरी वजन मात्र घटले नव्हते. यातल्या प्रत्येकाने जर निव्वळ काट्याकडे पाहून निर्णय घेतला असता, तर बहुतेकांनी हे सगळे निरुपयोगी म्हणून सोडून दिले असते.

हे घडते कसे? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे, निर्देशांक (बीएमआय) २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसात स्नायू कमी आणि चरबी, विशेषतः पोटातली, जास्त असू शकते, हे त्या एका फोटोने जगाला पटवले. काटा हाड, पाणी, स्नायू, चरबी यांची एकच बेरीज सांगतो. आपला प्रश्न त्या बेरजेच्या आत दडलेला आहे. रात्री भात खाऊन उठल्यावर काय होते ते पाहा. भातातल्या पिष्टाची साखर होऊन तासाभरात रक्तात चढते. माणूस सोफ्यावर बसून राहिला तर ती पेशींत पोचवण्याचा सगळा भार इन्सुलिनवर पडतो आणि नेमके तेच आपल्याकडे लवकर थकते. तोच माणूस पंधरा मिनिटे चालला, तर पिंढऱ्या आणि मांड्यांचे स्नायू आकुंचन पावताना इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतात. शतपावलीने जळणाऱ्या कॅलरी नगण्य असतात, म्हणून काटा हलत नाही. साखरेचा चढ मात्र त्याच रात्री उतरलेला असतो.

यावर अभ्यासू वाचक अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगाचा दाखला देतील, आणि तो दिलाच पाहिजे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ३,२३४ जण होते, राहणीतल्या बदलाने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, आणि नंतरच्या विश्लेषणात दर किलो वजनघटीमागे धोका साधारण १६ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले. मग वजन महत्त्वाचे नाही असे कसे म्हणायचे? तसे मी म्हणतच नाही. त्या प्रयोगातल्या लोकांचा सरासरी निर्देशांक ३४ होता, म्हणजे ते ठळकपणे स्थूल होते. चेन्नईच्या प्रयोगात तो सुमारे २६ होता. ज्याच्या अंगावर वीस किलो जास्त आहेत त्याने वजन उतरवलेच पाहिजे, आणि ते चहातल्या एका चमच्याने होणार नाही. पण मधुमेहाच्या वाटेवर असलेल्या आपल्याकडच्या असंख्य माणसांपाशी उतरवायला तेवढे वजनच नसते, आणि त्यांना ‘पाच किलो कमी करा’ एवढेच सांगणे म्हणजे चुकीचे लक्ष्य हाती देणे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. राहणी बदलूनही ३९ टक्के लोकांना मधुमेह झालाच, मग हा उपाय तोकडा नाही का? तोकडा आहेच. लहान बदल ढाल नाहीत. ते वेळ मिळवून देतात. पण मिळालेल्या वेळेची किंमत चीनमधल्या दाछिंग शहरातल्या प्रयोगाने दाखवली. तिथे १९८६ साली ५७७ जणांवर सुरू झालेला आहार-व्यायामाचा कार्यक्रम सहा वर्षे चालला, आणि संशोधकांनी पुढे एकूण तीस वर्षे त्या लोकांचा माग ठेवला. मधुमेह सरासरी जवळजवळ चार वर्षांनी लांबला, आणि हृदयविकार व पक्षाघातासारख्या घटना २६ टक्क्यांनी कमी झाल्या. साखर चार वर्षे उशिरा चढणे म्हणजे डोळ्यांच्या पडद्याला, मूत्रपिंडाला, पायांच्या नसांना चार वर्षे कमी मार.

स्वयंपाकघरातही मोजमापाचा हाच घोळ दिसतो. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतला तर तीस-चाळीस ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहणे चांगले, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. कपाला एक चमचा कमी केल्यास दिवसाच्या सत्तरएक कॅलरी वाचतात. पाणी, मीठ, पोट साफ होणे-न होणे यांनी काटा दिवसभरात किलोभर मागेपुढे होतो. त्यात या सत्तर कॅलरी दिसणार कुठून? ताटाचेही तसेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या एकूण कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थ आणि साखरेतून येतात. पोह्यांत बटाट्याऐवजी शेंगदाणे आणि मोड आलेली मटकी, पाणीदार वरणाऐवजी घट्ट वरण आणि भाताचा एक डाव कमी, उपासाच्या खिचडीत साबुदाणा निम्मा आणि सोबत वाटीभर दही: ताट तेवढेच भरलेले, वजन कदाचित तेवढेच, रक्तात चढणारी साखर मात्र कमी. हे बदल सगळ्या घराच्या ताटात व्हावेत. एकट्या ‘पेशंट’साठी वेगळा स्वयंपाक करायचा म्हणजे घरातल्या बाईवर दुसरी शेगडी लादणे, आणि असा बदल तिच्या थकव्यापाशी येऊन थांबतो. तसे थांबले तर दोष तिचा नाही.

मग मोजायचे काय? कंबर, बेंबीच्या पातळीवर, टेप न आवळता: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढे धोका वाढतो. रक्तदाब. आणि दर तीन महिन्यांनी एचबीए१सी ही रक्ततपासणी. तीन महिने यासाठी, की तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळातली साखर तिच्यावर चिकटलेली असते. महिन्याच्या आत केलेली तपासणी बराचसा जुन्याच सवयींचा हिशेब दाखवते. स्त्रियांच्या बाबतीत त्याच वेळी हिमोग्लोबिनही तपासावे. लोह कमी असेल तर एचबीए१सीचा आकडा खोटाच चढलेला दिसू शकतो, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा बाईने चहा बदलला, ताट बदलले, रोज चालली आणि आकडा तरीही हलला नाही, तर तिच्या प्रयत्नांवर शंका घेण्याआधी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांनीची साखर तपासून घ्यावी.