पंधरा दिवसांचं घड्याळ

आपल्यापैकी बहुतेकांच्या सॅलरी स्लिपवर एक ओळ असते. प्रोफेशनल टॅक्स, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २५००. पीएफ आणि टीडीएसच्या गर्दीत तिच्याकडे ढुंकूनही कुणी बघत नाही. पण ती ओळ तिथे आली कशी, ही गोष्ट वाचण्यासारखी आहे.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात एक प्रयोग केला. मागेल त्याला काम! १९७२ च्या दुष्काळात हीच रोजगार हमी राज्यभर गेली आणि तिच्या पैशासाठी १९७५ मध्ये पगारदारांवर हा कर बसला. पुढे १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ पासून लागू. त्यात एक कलम होतं : मागितल्यापासून १५ दिवसांत काम दिलं नाही, तर रोज किमान एक रुपया बेरोजगार भत्ता. म्हणजे बघा, हा एक प्रकारचा बेकारीचा विमाच. हप्ता शहरातला माणूस भरणार आणि क्लेम गावाकडचा करणार. केंद्राच्या २००५ च्या मनरेगा कायद्यातही हे कलम आलं. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव, नंतर किमान निम्मी.

आता क्लेमचं काय होतं ते सांगतो. आमचं गाव चंदगड तालुक्यात. भात घरात आलं की हाताला काम नाही. मग कुणी बेळगावला, कुणी गोव्याला. काकी मात्र गुरांमुळे गावातच. २०२४ ची दिवाळी झाल्यावर तिने कामासाठी अर्ज दिला. काम निघालं शिमग्याला. काजूच्या लागवडीसाठी खड्डे मारायचं.

"पोच घेतलीस?" मी विचारलं.

"पोच कसली रे? तो म्हणाला, काम निघालं की नाव चढवतो."

संपलं! त्या वर्षी मजुरी २९७ रुपये होती. पंधरा दिवस सोडून तीन महिने धरले तरी भत्ता होतो अकरा हजारांच्या वर. काकीला मिळाला शून्य. कारण सिस्टिमच्या लेखी तिने काम मागितलंच शिमग्याला आणि तिला ते लगेच मिळालं. डेटाबेस एकदम स्वच्छ. कायद्यात तारखेची पोच देणं बंधनकारक होतं, हे तिला माझ्याकडूनच कळलं.

डेव्हलपर म्हणून मला खटकतं ते हे. घड्याळ सुरू करायचं बटण त्याच यंत्रणेच्या हातात, जिला उशीर झाला तर पैसे मोजावे लागतात. (असं डिझाइन आमच्याकडे कोड रिव्ह्यूत पहिल्या मिनिटाला परत जाईल.)

बरं, सरकारने टेक्नॉलॉजीवर खर्च केला नाही असं नाही. खोट्या मस्टरचा रोग जुना आणि खराच आहे. त्यासाठी २०२१ मध्ये एनएमएमएस ॲप आलं आणि जानेवारी २०२३ पासून सगळीकडे सक्तीचं झालं. कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो, जागेच्या आणि वेळेच्या नोंदीसकट. मग २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच. आमच्या डोंगरावर रेंज म्हणजे नशिबाचा भाग. दुपारचा फोटो चढेना म्हणून बायका तासभर उन्हात उभ्या. आणि ज्यांना चोरी करायची ते? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवलं, की फोटोचाच फोटो काढून चढवला जातोय, भलतेच फोटो येतायत. उपाय काय, तर ग्रामपंचायतीत माणसांनी सगळे फोटो बसून तपासायचे!

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत मिशिगन राज्याने २०१३ मध्ये बेकारभत्त्यातली लबाडी पकडायला सॉफ्टवेअर बसवलं. त्याने दोन वर्षांत सुमारे ४० हजार लोकांना लबाड ठरवलं. नंतर त्यातली २२ हजारांवर प्रकरणं तपासली, तर ९३ टक्के चुकीची! कोविडच्या काळात मात्र खरोखरच मोठी लूट झाली. तिथल्या सरकारी लेखातपासनिसांचा अंदाज १०० ते १३५ अब्ज डॉलर. मग २०२१ मध्ये या यंत्रणा सुधारायला दोन अब्ज डॉलर मंजूर झाले (त्यातले निम्मे २०२३ मध्ये परत घेतले, ते सोडा). त्या कायद्यात पैशाचे हेतू तीन लिहिले होते : लबाडी रोखणं, सर्वांना सारखी संधी आणि वेळेवर पैसे देणं. आपल्याकडे पहिल्यासाठी ॲप आहे. तिसऱ्यासाठी काकीच्या हातात काय आहे?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. १२५ दिवसांची हमी, बायोमेट्रिक, लबाडी शोधायला एआय. बेरोजगार भत्त्याचं कलम त्यातही आहे. एआय येऊ दे, माझी ना नाही. पण खात्यातून शंभर रुपये काढले तरी बँकेचा एसएमएस येतो. तसाच अर्ज मजुराने स्वतःच्या फोनवरून करायचा, पोच लगेच एसएमएसने, आणि सोळाव्या दिवशी भत्त्याचा हिशेब कुणी काही न दाबता सुरू. दोन स्प्रिंटचं काम आहे. फार तर तीन.