रजेचा अर्ज

पुणे, २१ जून २०२६

प्रिय सोनू,


तुझा मेल दोनदा वाचला. गणपतीला गावी जायचं म्हणून तू कंपनीकडे रजा मागितलीस. त्यांनी 'कन्सल्टंटना रजा लागू नाही' असं कळवलं आणि खाली एक ओळ जोडली, की मंजुरीशिवाय गैरहजर राहू नये. म्हणजे पगारी रजा नाहीच, पण बिनपैशाच्या रजेलाही साहेबांची सही हवी! लिहिणाऱ्याच्या धाडसाला दाद दिली पाहिजे.

अनुवादाच्या कामामुळे कोर्टाचे निकाल माझ्या हाताखालून सतत जात असतात. त्यातला एक मला फार आवडतो. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस नावाचं तेव्हाच्या आंध्र प्रदेशातलं शिंप्याचं दुकान. कारागिरांना नगावर मजुरी. कोणी कधीही यावं, काम नसेल तर दुकान बंद व्हायच्या आधीच निघून जावं, काहींनी कापड घरी नेऊन शिवावं. एखाद्या दिवशी यायचं नसेल तर अर्ज सोड, मालकाला कळवायचंही बंधन नव्हतं. मालकाचं म्हणणं, मग हे माझे नोकर कसे? सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सांगितलं, नोकरच. शिलाई मशीन मालकाची, बहुतेक काम त्याच्याच दुकानात, आणि शिवण मनासारखी झाली नाही तर उसवून पुन्हा शिवायला लावायचा अधिकारही त्याचा.

आता तुझं बघ. लॅपटॉप त्यांचा. सकाळी नऊला लॉगिन, संध्याकाळी सहाला लॉगआउट. काम कसं करायचं ते त्यांचा मॅनेजर सांगणार, रजाही तोच मंजूर करणार. आणि कागदावर तू स्वतंत्र व्यावसायिक! ते शिंपी न विचारता घरी राहत होते तरी कामगार ठरले. तू विचारून विचारून थकलीस तरी कंत्राटदारच. तू कोर्टात जावंस असं मी मुळीच म्हणत नाही. तुझं वय आणि कमाईचे दिवस तारखांमध्ये घालवण्यासारखे नाहीत. पण तुझ्याकडून नोकराची शिस्त घेतली जाते आणि नोकराचे हक्क मात्र दिले जात नाहीत, एवढं मनाशी पक्कं ठेव, म्हणजे पुढच्या बोलण्यात आवाज खाली जाणार नाही.

तुझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या नोकरदार मुलीला काय मिळतं? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षाला ८ किरकोळ रजा, ८ सणांच्या भरपगारी सुट्ट्या, आणि २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा वेगळीच. ही काही कंपनीची मेहेरबानी नव्हे, तिच्या पगाराचाच तो भाग आहे. तुझा दर ठरवताना मात्र तो भाग कोणी धरलाच नाही. तूही नाही, कारण तू जुना पगार बाराने गुणलास आणि कामाच्या दिवसांनी भागलास, हो ना?

तो हिशेब पुन्हा मांडू. समज, तुला वर्षाला १२ लाख हवेत. शनिवार-रविवार वजा केले की २६१ दिवस उरतात. त्यांनी भागलं तर दिवसाचे साधारण ४,६०० होतात. पण त्या २६१ मध्ये सण आहेत, ताप आहे, दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, लॅपटॉप बिघडून वाया जाणारे दिवस आहेत, एक प्रोजेक्ट संपून दुसरा सुरू व्हायच्या मधली भाकड वेळ आहे. खरे बिलाचे दिवस २०० धर. मग दर ६,००० होतो. या दोन आकड्यांमधल्या फरकात तुझी सगळी रजा आहे. ऑगस्टमध्ये करार नव्याने होणार म्हणालीस, तेव्हा बोलायचं ते याबद्दल. रजेचं कलम त्यांच्याकडून मागून घेण्यापेक्षा हे बरं. एकदम सहा हजार देणार नाहीत, ठाऊक आहे. पण साडेपाचवर अडून बसायला तुझ्याकडे आता कारण आहे.

याच महिन्यात, १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. नारायण मेघाजी लोखंड्यांना त्यासाठी वर्षानुवर्षं सभा आणि अर्ज करावे लागले, पण त्यांच्या मागे हजारो हात होते. तू घरातल्या टेबलाशी एकटी. नव्या कामगार संहितेत गिग कामगारांचं नाव आलं खरं, पण त्यांच्यासाठीही भरपगारी रजा त्यात नाही. तेव्हा तुझ्या हातात दोनच गोष्टी, दर आणि वेळेवर दिलेली सूचना.

पैशांची एक मेख मात्र आधीच सांगून ठेवते. रजेची झळ रजेच्या महिन्यात लागत नाही. सप्टेंबरचं बिल तू ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाठवणार, पैसे येणार महिना-दीड महिन्याने. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे गणपतीत घेतलेल्या रजेचा खड्डा ऐन दिवाळीत दिसेल, आणि तेव्हा तुला वाटेल की फराळ आणि कपड्यांवरच जास्त उडाले. तेवढी रक्कम जुलै-ऑगस्टमध्येच बाजूला काढ. आणि उद्यम नोंदणी करून टाक, फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. ती असली की लेखी करार असूनही तुझे पैसे ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत. अडवले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. व्याज कोणी सुखासुखी देत नाही म्हणा, पण बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक दिसला की अकाउंट्सवाले जरा लवकर हलतात.

आता गणपती. अधिक ज्येष्ठामुळे यंदा लांबून १४ सप्टेंबरला, सोमवारी आलेत. शुक्रवार ११ ते रविवार २० अशी दहा दिवसांची सुट्टी घेतलीस तरी त्यात कामाचे दिवस सहाच. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे जुलैच्या मध्याला. कोकणच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. साहेबांच्या उत्तराची वाट बघत बसलीस तर एसटीत उभ्याने जाशील. म्हणून मेल याच आठवड्यात जाऊ दे. 'या तारखांना मी उपलब्ध नसेन. त्याआधी अमुक काम पुरं करून देईन, अमुक २१ तारखेपासून हाती घेईन. मधल्या काळात काही अडलं तर टीममधल्या कोणाला काय माहीत आहे, ते सोबत लिहिलं आहे.' एवढंच. 'मंजुरी मिळावी ही विनंती' नको, घरच्या गणपतीचं कारणही नको. कारण दिलं की समोरचा ते पुरेसं आहे की नाही हे ठरवायला बसतो.

लॅपटॉप नेऊ नकोस. न्यायचाच असेल, तर आरतीनंतर केलेल्या तासाभराच्या कामाचंही अर्ध्या दिवसाचं बिल लाव आणि तसं आधी कळव. बहुतेक वेळा मग ते काम २१ तारखेपर्यंत थांबू शकतं असं त्यांच्या लक्षात येतं.

नव्या कराराचा मसुदा आला की सही करायच्या आधी मला पाठव. पूर्वपरवानगीची कलमं पिवळी करून पाठवलीस तर माझा अर्धा तास वाचेल. नाहीतर त्याचं बिल दादाच्या नावे येईल.

तुझी,
आत्या