गुजरातशी रमाबाईंचे नाते

सुरतेच्या पर्वत पाटियाला मावसबहिणीकडे गेले होते. शेजारच्या राजस्थानी आजींनी विचारले, "तुम्ही मराठी की कानडी?" मी म्हटले, "दोन्ही!" आणि पंडिता रमाबाई आठवल्या. त्याही दोन्हीकडच्या, १८५८ साली जन्म कर्नाटकात गंगामूळच्या रानात, कार्य महाराष्ट्रात.

गुजरातशीही त्यांचे नाते आहे, पण ते इंग्लंडमार्गे!

१८८३ साली त्या वैद्यकी शिकायला प्रथमच परदेशी गेल्या. ऐकू कमी येई, म्हणून ते शिक्षण राहिले. मात्र फुलममध्ये त्यांनी पाहिले, की समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती सिस्टर मायेने सांभाळतात. "हे कशासाठी?" त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका सिस्टरने येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. त्याच सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. इकडे टीकेचा भडिमार झाला.

पुढे १९०० च्या दुष्काळात त्यांनी गुजरातेत माणसे पाठवून निराधार मुलींना केडगावच्या 'मुक्ती'त आणले. फुलममध्ये पाहिलेली दया अशी कामी आली.

वाचकहो, आता आपलीही मुले परदेशी जातात. येताना चॉकलेटे आणतात, तसे असे काही पाहिलेले, शिकलेलेही घेऊन यावे.