आम्ही न निवडलेले कार्यक्रम

आमच्या पिढीची सकाळ संस्कृतातून उजाडायची. सहा पंचावन्नला बलदेवानंद सागर दिल्लीहून वार्ता सांगायला लागत, तेव्हा न्हाणीघराच्या दाराशी आधी कोण जाणार यावरून भांडण जुंपलेलं असे. सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावर सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या द्यायला लागत, तोवर ते मिटलेलं असे, कारण ज्याला उशीर व्हायचा त्याला तो झालेलाच असे. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते आजोबा रेडिओवरून लावत. दूधवाला उशिरा आला की आई म्हणे, ‘आज बातम्या संपल्यावर आला.’ घरातल्या वेळेचं हेच माप होतं.

त्याआधी वाजायची ती धून. खाली तंबोरा, वर व्हायोलिन, आणि अजून पुरतं न फटफटलेलं. ती बांधणारा वॉल्टर कॉफमन हा युरोपातून आलेला ज्यू संगीतकार. तो १९३४ मध्ये मुंबईत आला आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचं काम पाहू लागला. हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमच्या लेखी ती धून सडासंमार्जनाइतकीच घरची होती.

रेडिओ घरात आला की त्याचा परवानाही येई. पोस्टातून काढलेलं ते पुस्तक रेशनकार्डाशेजारी ठेवलेलं असे आणि दरवर्षी पैसे भरून त्याचं नूतनीकरण करावं लागे. पुढे टीव्हीलाही परवाना लागला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ही कटकट संपली. आजच्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात. पण सरकारला वर्षाकाठी पैसे मोजून ऐकत असल्यामुळे आमच्या वडिलांना आकाशवाणीवर हक्कानं चिडता येई. गाणं मध्येच तोडून निवेदक बोलायला लागला की ते रेडिओला उद्देशून म्हणत, ‘अहो, पूर्ण तरी करा!’

मुंबई केंद्र १९२७ पासूनचं, नागपूर १९४८ चं, पुणे १९५३ चं, सांगली १९६३ चं. मग परभणी, जळगाव, रत्नागिरी अशी एकेक केंद्रं होत गेली. मुंबई ब केंद्राचा तो ५३७.६ मीटर्सचा आकडा ज्यांना पाठ आहे त्यांना स्वतःच्या मुलाचा मोबाइल नंबर पाठ नसतो. घर कुठल्या केंद्राच्या टापूत आहे त्यावर आठवणी ठरत. मुंबईच्या चाळीत ‘पुन्हा प्रपंच’ हे शेजारचंच बिऱ्हाड होतं. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत, म्हणजे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर. महागाई असो की पाणीटंचाई, ते तिघं बोलायला लागले की आपल्याच घरातलं बोलणं कोणीतरी चोरून ऐकलंय असं वाटे. कोकणच्या किनाऱ्यावर बातम्यांपेक्षा मच्छीमारांना दिलेला इशारा महत्त्वाचा. समुद्र खवळलेला राहील म्हटलं की होड्या वर ओढल्या जात. तळकोकणातल्या मंडळींचा काटा पणजीकडे वळलेला असे. गोवा मुक्त होण्याआधी तिथे ‘एमिसोरा द गोवा’ होतं, मग ते आकाशवाणीचं झालं.

आणि बाजारभाव! आमच्या घरात कोणी शेती करत नव्हतं. तरी लासलगावचा कांदा क्विंटलला काय गेला हे आम्ही जेवताना ऐकत असू. बंद करायला कोणी उठत नसे, कारण त्यानंतर गाणी असत. मला वाटतं, आमच्या पिढीच्या घडणीत या ‘त्यानंतर’चा वाटा मोठा आहे. वनिता मंडळ आईसाठी, पण शाळेला सुटी असली की आम्हीही ऐकणार. कामगार सभा काकांसाठी. रविवारची ‘गंमत जंमत’ आमची, आणि ती आजीही ऐकणार. ‘आपली आवड’मध्ये गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं आणि गावं सांगत. कधी न पाहिलेल्या वाड्यावस्त्यांची नावं आम्हाला तिथून कळली. हे कोणी ठरवून केलं असेल असं वाटत नाही. एक संच, एक केंद्र आणि चार वयांची माणसं एवढंच भांडवल होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गीतरामायणाची आठवण सांगणारे आमच्यातले बहुतेक जण तेव्हा जन्मालाच आलेले नव्हते. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून ते सुरू झालं, वर्षभर दर आठवड्याला माडगूळकरांचं गीत आणि फडक्यांची चाल, एकूण छप्पन्न गीतं. रेडिओला हार घातले, उदबत्ती लावली, हे सगळं आम्हाला आईकडून मिळालं, आणि आम्ही ते इतक्यांदा सांगितलं की आता स्वतःच पाहिल्यासारखं सांगतो. त्याच पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर वर्षानुवर्षं नोकरी करत होते. एक भाऊ रामायण लिहितो आणि दुसरा शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम बसवतो, असं नशीब फार थोड्या सरकारी इमारतींच्या वाट्याला येतं.

टीव्ही आला २ ऑक्टोबर १९७२ ला, वरळीहून. दिल्लीत तो १९५९ पासून होता, मुंबई दुसरी. पुण्याला वर्षभरात सिंहगडावरून चित्र दिसू लागलं आणि शहरातल्या अँटेना गडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कावळा बसला की अँटेना फिरे. मग एक जण गच्चीवर, एक खिडकीत, एक टीव्हीसमोर. ‘आलं?’ ‘मुंग्या आहेत!’ ‘आता?’ ‘आता दोन दोन माणसं दिसतायत!’ संच लाकडी कपाटातला, सरकत्या दारांचा, काही घरांत दाराला कुलूपसुद्धा. ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या दारात शनिवारी चपलांचा ढीग, कारण शनिवारी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी. चित्रपट मध्येच थांबवून बातम्या लागत, तेव्हा यजमानीणबाई पोळ्या लाटून घेत आणि पाहुणी मंडळी शहाण्यासारखी बातम्या पाहत. काही ठिकाणी माणशी चार आणे घेत. तसल्या घरमालकांबद्दल आमच्या मनात अजूनही राग आहे.

बातम्या देणारी माणसं घरची झाली ती तेव्हा. डॉ. विश्वास मेहेंदळे, प्रदीप भिडे, चारुशीला पटवर्धन, मुलांसाठी कविता लिहिणारे अनंत भावे, भक्ती बर्वे. स्मिता पाटील तिथे बातम्या वाचत, आणि बेनेगलांनी त्यांना तिथूनच हेरलं असं सांगतात. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसत, ही गोष्ट पुढे इतकी प्रसिद्ध झाली; आम्ही मात्र तेव्हा त्यांचं ठसठशीत कुंकूच पाहत होतो. भिड्यांचा आवाज इतका भारदस्त की पाणीकपातीची बातमीही राष्ट्रीय महत्त्वाची वाटे.

रविवारी ‘साप्ताहिकी’ लागे. आठवडाभरात काय दाखवणार ते सांगायलाच एक वेगळा कार्यक्रम! आई ते कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीनं टिपून ठेवी. दुधाचा हिशोब आणि ‘गजरा’ एकाच चौकटीत. ‘गजरा’ म्हणजे छोट्या नाटुकल्यांचा, चुटक्यांचा कार्यक्रम. विनायक चासकर, विनय आपटे यांच्यासारखे निर्माते आणि पडद्यावर प्रायोगिक रंगभूमीवरची, अजून नाव न झालेली मुलं. पुढे त्यातली कित्येक मोठी झाली, आणि ‘हा आपल्या गजऱ्यातला’ म्हणून आम्ही त्यांची तिकिटं काढली. ‘चिमणराव’ तर घरातलाच माणूस झाला. चिं. वि. जोशींचं पुस्तक कपाटात होतंच. पण दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे पडद्यावर आले आणि त्यानंतर पुस्तकातल्या चिमणरावाला आणि गुंड्याभाऊला दुसरा चेहरा लाभणं शक्यच राहिलं नाही. काऊ, मोरू, मैना, राघू यांच्यावरून गल्लीत चिडवाचिडवी चाले.

‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये लेखक बोलत. आम्हाला ते कंटाळवाणं वाटे आणि वडील हातानं ‘गप्प’ अशी खूण करत. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’नं तर प्रेक्षकांनाच कामाला लावलं, गावोगाव ज्ञानदीप मंडळं निघाली. मुलांसाठी मराठीत ‘किलबिल’ आणि गुजरातीत ‘संताकूकडी’, कारण मुंबई केंद्र दोघांचंही. शब्द कळत नसताना आम्ही ‘संताकूकडी’ पाहिलं आणि ‘आवो मारी साथे’ही. मधूनच ‘व्यत्यय’ अशी पाटी येई आणि तीही आम्ही पाहत बसू, कारण केव्हा जाईल याचा नेम नसे.

पण या सगळ्यात मला सर्वांत मोठा वाटतो तो ‘आमची माती आमची माणसं’. तिन्हीसांजेला दिवेलागण होऊन शुभंकरोती म्हणेपर्यंत पडद्यावर ऊस, बोंडअळी, कुक्कुटपालन. दादर-पार्ल्याच्या ब्लॉकमध्ये बसून युरियाची मात्रा ऐकणारी मुलं! चेष्टा आम्हीही केली. पण खरिपाआधी पेरणी लांबली म्हणजे काय, ठिबक म्हणजे काय, माणसं कर्ज का काढतात, हे शहरातल्या आमच्यासारख्यांच्या कानावर पडलं ते केवळ ‘किलबिल’च्या वेळेआधी टीव्ही लावून बसलो म्हणून. आज शेतीवरचे चांगले व्हिडिओ हजारोंनी आहेत आणि ते शेतीत असलेलेच पाहतात. बाकीच्यांच्या पुढ्यात ते येतच नाहीत. सार्वजनिक प्रसारणाचं काम मला विचाराल तर हेच होतं, दुसऱ्याच्या कामाचं बोलणं आपल्या माजघरात आणून सोडणं.

याचा अर्थ ते दिवस सोन्याचे होते असा नाही. सरकारी माध्यम ते सरकारीच. आणीबाणीत वीस कलमी कार्यक्रमाचे गोडवे ऐकले, आणि किशोरकुमारची गाणी १९७६ मध्ये एकाएकी आकाशवाणीवरून नाहीशी झाली. का, ते घरात हळू आवाजात बोललं जाई. भाषाही एकाच वळणाची. बातम्या, मुलाखती, चर्चा पुण्या-मुंबईच्या बोलीत, आणि वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारा माणूस आला तर शेतीच्या कार्यक्रमात नाहीतर विनोदाला. मोठा नेता गेला की दिवसचे दिवस सारंगी वाजे. तेव्हापासून सारंगी हे उत्सवाचंही वाद्य असू शकतं हे आम्हाला पटेनासंच झालं, आणि यात सारंगीवर मोठा अन्याय झाला.

शिवाय ‘गजरा, चिमणराव म्हणजे महाराष्ट्राचं बालपण’ असं जे सरसकट म्हटलं जातं ते खरं नाही. ते मुंबई-पुण्याचं आणि आसपासचं बालपण. १९८४ च्या सुमारास छोटी प्रक्षेपण केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यात उभी राहिली, पण अनेक ठिकाणी त्यांवर आधी दिसली ती दिल्ली. ‘हम लोग’ मराठवाड्यातल्या घरात पोचलं, पण वरळीचं ‘चिमणराव’ तिथे तेव्हा दिसलंच नव्हतं. त्या घरांची खरी मराठी सोबत आकाशवाणीचीच. बाळ ज. पंडितांचं मराठीतलं क्रिकेट समालोचन ऐकत शेताच्या बांधावर बसलेल्या माणसाची आठवण वरळीतल्या स्टुडिओच्या आठवणींपेक्षा कमी नाही; ती लिहून मात्र फारशी कोणी ठेवलेली नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९८२ मध्ये रंग आले, १९८७ मध्ये ‘रामायण’ आलं, मग केबलवाले आले. १९९४ मध्ये मराठीची स्वतंत्र वाहिनी निघाली, तीच पुढे ‘सह्याद्री’ झाली. ‘दामिनी’नं रोज दुपारी घरं धरून ठेवली. पण तोवर घरात रिमोट आला होता आणि ‘त्यानंतर’साठी थांबण्याची गरज संपली होती.

त्यातलं उरलं किती? सुरुवातीला बरंच थेट प्रक्षेपण असे, आणि टेपा महाग म्हणून जुनं पुसून त्याच टेपेवर नवं ध्वनिचित्रण करत, हे तिथे काम केलेल्यांनीच वेळोवेळी सांगितलं आहे. तेव्हा संग्रहात सगळं असेल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. काही गोष्टी कदाचित तुमच्याच माळ्यावर असतील. ऐंशीच्या दशकात टू-इन-वन समोर ठेवून, घरातल्यांना गप्प बसवून, रेडिओवरून भरून घेतलेल्या त्या कॅसेट. वर ‘भावसरगम’ लिहिलेलं असेल, किंवा नुसतं ‘रेडिओ, दिवाळी’. गाण्यामागे कुकरची शिट्टीही असेल, असू दे. टेपेला बुरशी धरते आणि एकदा धरली की आवाज जातो. या दिवाळीच्या साफसफाईत त्या भंगारवाल्याला देऊ नका. शहरात अजूनही कॅसेटवरचा आवाज संगणकावर उतरवून देणारी माणसं आहेत, त्यांना गाठा. आणि एक प्रत आकाशवाणीच्या आपल्या जवळच्या केंद्राला दाखवून या; त्यांच्याकडे ती असेलच असं धरून चालू नका.