धुळीची जात

धुळीशी आपल्या घरांचे वैर जुने आहे. पण मला ते नेहमीच थोडे भाबडे वाटत आले आहे. कपाटावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ दिसली की गृहिणीचा जीव वरखाली होतो. वास्तविक अशी जाडीभरडी धूळ बिचारी बहुतेक नाकातच अडते आणि एका शिंकेसरशी बाहेर पडते. भ्यायचे ते बारीक धुळीला!

आणि आता तर माणूस मुद्दाम बारीक धूळ तयार करतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एक सेंटिमीटर बाजूचा साखरेचा चौकोनी खडा घ्या. त्याचे एकेका नॅनोमीटरचे तुकडे करता आले, तर तळहातावर मावणारी ती साखर सुमारे दीड एकर पृष्ठभाग उघडा करील. वजन मात्र तेवढेच! म्हणून अशी धूळ नुसती तराजूत घालून भागत नाही. रंगाला पांढरेपणा देणाऱ्या टायटॅनियम डायॉक्साइडची कारखान्यातील हवेतली मर्यादा अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने २०११ साली सुचवली, ती घनमीटरमागे २.४ मिलिग्रॅम. तीच पूड अतिसूक्ष्म असेल, तर ०.३! रसायन एकच, धुळीची जात निराळी.

कार्बनच्या नॅनोनळ्यांची गोष्ट आणखी वेगळी. २००८ साली लांब, ताठ नळ्या उंदरांच्या पोटात टोचून पाहिल्या, तेव्हा अॅस्बेस्टॉसने यावी तशीच सूज आली. शरीरातल्या झाडूवाल्या पेशींना एवढी लांब सुई गिळवेना. अॅस्बेस्टॉसचे नाव निघाले की मला इंग्लंडातली नेली केर्शॉ आठवते. रॉचडेलच्या कारखान्यात अॅस्बेस्टॉसचे सूत काढणारी ही बाई १९२४ साली तेहेतिसाव्या वर्षी गेली. ब्रिटनने पुरती बंदी घातली १९९९ साली. मधल्या पाऊणशे वर्षांत कामकऱ्यांच्या बायकाही नवऱ्याचे कपडे झटकून-धुऊन आजारी पडल्या.

माझा पुतण्या प्लास्टिकमध्ये अशा नळ्या मिसळणाऱ्या एका कारखान्यात आहे. तेथे कोरडा झाडू मारायला मनाई आहे, हे ऐकून आमच्या सौभाग्यवती थक्क झाल्या.

“मग केर काढता कसा?”

“ओल्या फडक्यानं, काकू. नाहीतर खास गाळणीचं यंत्र असतं.”

“आणि त्या पुडीच्या पिशव्या कोण फोडतं?”

“ठेकेदाराचा माणूस. मास्क दिलाय त्याला. पण त्याला दाढी आहे, कडेनं फट राहते.”

मी मनात मिलिग्रॅमचा हिशेब करीत होतो. सौभाग्यवतींनी विचारले, “त्याचे कपडे कुठं धुतात?”

पुतण्याने चहाचा कप खाली ठेवला. त्याचा स्वतःचा कोट कारखान्यातच धुतला जातो. त्या माणसाचे त्याला ठाऊक नव्हते.

“उद्याच विचारतो,” तो म्हणाला.